नाताळची सुट्टी : गोमंतकीय हिंदू घरांचा एक जुना सोहळा

मराठीतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. ख्रिस्तजन्माचा सण हा त्याचा मूळ अर्थ. परंतु गोमंतकातील जुन्या हिंदू घरांत या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला होता. पुणे, मुंबई, कोल्हापूर, धारवाड, बेळगाव येथील कॉलेजांत शिकणारा मुलगा मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास आठ-दहा दिवसांसाठी घरी येई, ते दिवस म्हणजे नाताळ. ‘तो केव्हा येणार?’ असे कोणी विचारले तर घरातील आजीही ‘नाताळांत’ असेच उत्तर देई. तिला त्या सणाशी काही कर्तव्य नव्हते. नातवाच्या येण्याशी होते.

परकीय राजवटीच्या पंचांगातील एक सुट्टी आपल्या समाजाने कशी आपलीशी केली, तिच्याभोवती कोणते आचार बांधले आणि तो क्रम तुटला तेव्हा काय झाले, याचा थोडक्यात आढावा येथे घ्यावयाचा आहे. ही केवळ कौटुंबिक सुखाची एक बारीकशी बाब आहे असे समजून वाचकांनी तिच्याकडे पाहू नये. सुमारे पाऊणशे वर्षे गोमंतकीय हिंदू समाजाने आपली शिकणारी मुले आपल्याशी बांधून ठेवली, ती बऱ्याच अंशी याच धाग्याने, असे माझे मत आहे.

मुलांना घर सोडावे लागे याचे कारण गोव्यातील शिक्षणव्यवस्थेत होते. पणजीस वैद्यकशाळा १८४२ साली स्थापन झाली आणि लिसेव १८५४ साली. लिसेवातील शिक्षण पोर्तुगीज भाषेतून चाले. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताकाची स्थापना होईपर्यंत सार्वजनिक जीवनात हिंदूंना बरोबरीचे स्थान नव्हते. पुढे दारे उघडली. तरी कला, विज्ञान, कायदा, स्थापत्य यांतील पदवी देणारे विद्यापीठ गोव्यात नव्हतेच. पदवी हवी असेल तर लिस्बन किंवा कुइंब्रा गाठावे, नाही तर सरहद्द ओलांडून इंग्रजी मुलखात जावे. पहिला मार्ग मोजक्या श्रीमंतांचा, दुसरा मध्यम स्थितीतील कुटुंबांचा.

या दुसऱ्या मार्गावरील विद्यापीठांची व कॉलेजांची वर्षे क्रमाने पाहण्यासारखी आहेत. मुंबईचे विद्यापीठ १८५७ चे. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० चे, पुण्याचे फर्ग्युसन १८८५ चे, धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ चे, बेळगावचे लिंगराज कॉलेज १९३३ चे आणि तेथील राजा लखमगौडा विधि महाविद्यालय १९३९ चे. म्हणजे पिढीमागून पिढी कॉलेज गोव्याच्या सीमेजवळ येत गेले, पण सीमेच्या आत काही आले नाही. मॅट्रिकपर्यंतची सोय समाजाने आपल्या बळावर केली. पणजीचा मुष्टिफंड १९०९ साली उभा राहिला तो, नावाप्रमाणेच, घरोघरच्या मूठ मूठ तांदळाच्या आधारावर. ज्या आईने स्वयंपाकाच्या तांदळातून रोज एक मूठ शाळेसाठी बाजूस काढली, तिलाच पुढे त्या शाळेतून तयार झालेला मुलगा घाटापलीकडे पाठवावा लागला.

गेलेला मुलगा परत येईलच अशी खात्री नव्हती. या वाटेने गेलेल्यांत अग्रगण्य नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. पेडणे महालातील मांद्र्यास जन्मलेला हा बुद्धिमान मुलगा मुंबईस शिकला, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत होता, आणि पुढे मुंबईचाच झाला. त्यांच्या कीर्तीचा आपणांस सार्थ अभिमान आहे; परंतु त्या कीर्तीत गोमंतकाचे एक नुकसानही दडलेले आहे. पुढील काळात ज्या ज्या घराने मुलगा बाहेर पाठविला, त्या त्या घरासमोर हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाला वार्षिक भेटीचे उत्तर देणे शक्य झाले ते आगगाडीमुळे. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत करार होऊन मुरगाव बंदरापासून घाटावर लोहमार्ग नेण्याचे ठरले, आणि १८८८ साली हा मार्ग कॅसलरॉकवरून लोंढ्यास जाऊन मिळाला. पुण्याहून निघालेला विद्यार्थी मिरज, बेळगाव करीत लोंढ्यास येई. तेथून कॅसलरॉक, म्हणजे इंग्रजी हद्दीचे शेवटचे स्टेशन. पुढे ब्रागांझा घाटातून गाडी हळूहळू उतरू लागे, दूधसागर दिसे आणि डब्यातील बोलणे आपोआप मराठी-इंग्रजीवरून कोंकणीवर येई. कुळें स्टेशनावर पोर्तुगीज जकातीचे शिपाई पेट्या उघडावयास लावीत. मुंबईचे विद्यार्थी बहुधा आगबोटीने येत. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीच्या धक्क्यास लागे. याच गाडीत व याच बोटीत ख्रिस्ती विद्यार्थीही असत. ते नाताळासाठी चालले होते, हे नाताळाच्या सुट्टीसाठी; पेट्या सारख्याच होत्या आणि घराची ओढही सारखीच. गावी पोहोचल्यावर शेजारच्या ख्रिस्ती घरातून कुस्वाराचे ताट येई, आणि त्या ताटातील दोदोल खाताना आजी मात्र मान फिरवून बसे.

आता कोणी विचारील की, दिवाळीची सुट्टी होती, उन्हाळ्याची तर त्याहून लांब होती. मग नाताळाच्याच सुट्टीला एवढे महत्त्व का? त्याची कारणे व्यवहारातली आहेत. इंग्रजी मुलखातील कॉलेजे आणि कोर्टे नाताळात बंद असत, तशीच पोर्तुगीज गोव्यातील कचेऱ्या आणि शाळाही. दोन राज्ये, दोन कायदे, दोन नाणी. पण ही सुट्टी दोहोंच्या पंचांगात होती. मुलगा घरी आला तेव्हा कचेरीत नोकरी करणारा बापही घरी सापडे, आणि लिसेवात शिकणारा धाकटा भाऊही.

शिवाय ऋतू अनुकूल असे. समुद्र शांत, वाटा सुकलेल्या, तरीवर होडी मिळण्यास अडचण नाही. भाताची कापणी आटोपलेली, कुळागरांत सुपारीची काढणी चाललेली. दुसऱ्या सहामाहीची फी देण्याइतके चार पैसे हाती येण्याचा तो काळ. आणि देवळांच्या जत्रांचा हंगाम तर याच सुमारास रंगात येतो. मार्गशीर्षी पौर्णिमेस साखळीच्या दत्तमंदिरात दत्तजयंती, पौषात फातर्प्याची जत्रा व म्हापशास बोडगेश्वराची जत्रा, माघात मंगेशी. यांतील कोणती ना कोणती जत्रा सुट्टीच्या आत किंवा अगदी लगत येई. ती चुकली तरी सुट्टीत एक सोमवार हमखास असे, आणि मंगेशाची पालखी दर सोमवारी निघते.

मुलगा यावयाचा त्या दिवसाची तयारी आठ दिवस आधी सुरू होई. अंगणातील सारवण नवे होई, माळ्यावरची गादी उन्हात पडे. वडील स्टेशनावर किंवा धक्क्यावर जात. स्वतः जाणे जमले नाही तर विश्वासू कुळाला पाठवीत. दारात येताच पायांवर पाणी, तुळशीपुढे नमस्कार, मग देवघर. आई मीठ-मिरच्या ओवाळून दीठ काढी आणि ‘कितलो बारीक जालो रे तूं!’ हे वाक्य मुलगा मेसमध्ये चांगला पोसला गेला असला तरी उच्चारल्याशिवाय राहत नसे. वडील फारसे बोलत नसत. प्रवास ठीक झाला ना, एवढेच विचारीत. परीक्षेचे काय झाले, पैसे कोठे खर्च झाले, नाटके किती पाहिली, हे प्रश्न काकांच्या किंवा मामांच्या तोंडून दुसऱ्या दिवशी येत. त्या पिढीतील बापांची माया अशी आडवाटेने चालत असे. आणि मुलांनाही ती वाट ठाऊक होती.

जेवणाचा थाट सणासारखा नसे, कारण मुलाला सणाचे पक्वान्न नको असे; रोजचेच हवे असे. नव्या उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर मिस्कूट, दुपारी मुगागाठी किंवा खतखते, सोलांची कढी, थंडीत निघणारी कणगी आणि करांदे. सोमवार नसला तर हुमण. ज्या चवी पुण्याच्या खानावळीत विकत मिळत नसत, त्या घरी न मागता पानात पडत. परतीच्या पेटीत लाडू, फणसाची साटां, सोलां आणि कापडाने तोंड बांधलेली लोणच्याची बरणी जाई. ती बरणी वसतिगृहात पोहोचल्यावर दोन दिवसही टिकत नसे हे आईला माहीत असे. म्हणून ती मोठीच भरलेली असे.

घरच्या स्वागतानंतर कुलदेवतेचे दर्शन. हा क्रम सहसा चुकत नसे. बैलगाडी, तर, नंतरच्या काळात कारेर, अशा प्रवासाने सारे कुटुंब देवळात जाई, अग्रशाळेत एक रात्र काढी, अभिषेक करी, पालखीबरोबर चाले. काही घरांत पुढे कोणता अभ्यासक्रम घ्यावा याविषयी देवाचा प्रसाद लावीत. पाकळी उजवीकडून पडली तर मुलाचे म्हणणे मान्य, डावीकडून पडली तर वडिलांचे. नवशिक्षित मुलगा मनातून हसत असेल. पण पाकळी पडेपर्यंत तोही श्वास रोखून उभा असे.

या दर्शनाला आपल्या समाजात एक खोल अर्थ आहे. आपल्या देवांनीही एकदा घर सोडले आहे. सोळाव्या शतकात धर्मछळ सुरू झाला तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, दामोदर मडगावाहून जांबावलीस. ज्या कुंकळ्ळीने १५८३ साली उठाव केला तिची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. आणि आजही दर वर्षी फाल्गुनात सत्र्यांच्या उत्सवात ही देवी वाजतगाजत कुंकळ्ळीस येते. जिची देवी वर्षातून एकदा माहेरच्या गावी येते, त्या समाजाला परगावी गेलेल्या मुलाचे वार्षिक आगमन म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागले नाही. दूर राहणे आणि तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान आपल्याकडे देवळातून आलेले आहे.

यास कायद्याची बाजूही आहे. गोव्यातील देवस्थानांचा कारभार महाजनांच्या संस्थेमार्फत चालतो. त्याचे नियम पोर्तुगीज सरकारने १८८६ साली केले, १९३३ साली ते नव्याने केले, आणि आजही महाजनांची नोंदवही हा या कारभाराचा पाया आहे. परगावी असलेल्या मुलाचे महाजनकी नाते त्याच्या गैरहजेरीने नाहीसे होत नाही. पण जो कधी दिसतच नाही त्याचा शब्द सभेत किती चालणार? म्हणून शहाणे वडील मुलाला जत्रेच्या वेळी देवळात नेत, चार वृद्ध महाजनांपुढे उभा करीत आणि ‘हा आमचा धाकटा, पुण्यास असतो’ असे सांगत. लेखी नोंदीपेक्षा ही तोंडी नोंद कमी मोलाची नव्हती.

मात्र हे सारे चित्र गोडच होते असे म्हटले तर ते सत्याला सोडून होईल. मुलगा जितका हुशार, तितका तो दूर जाणार, हे आईबापांना कळत होते. मुंबईच्या एल्‌एल्‌. बी.ला गोव्याच्या न्यायालयात फारसे स्थान नव्हते. तेथे कायदा पोर्तुगीज, भाषा पोर्तुगीज, १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता. इंग्रजी पदवी घेतलेल्याला कचेरीतही वाव थोडाच. म्हणजे बापाने जमिनीच्या उत्पन्नातून फी भरावी आणि त्या फीने मुलाची मुंबईतील नोकरी पक्की व्हावी, असा हा व्यवहार होता. एखाद्या हिशेबी माणसाने तो केलाच नसता. आपल्या वडीलधाऱ्यांनी तो डोळे उघडे ठेवून केला, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

मुलगा येताना पेटीत केवळ कपडे आणीत नसे. नवी पुस्तके, नव्या नाटकांची प्रत, सभांतून ऐकलेले विचार त्याच्याबरोबर येत. जत्रेच्या रात्री देवळाच्या मांडवात मराठी नाटक करण्याची आपली परंपरा जुनी. पुण्या-मुंबईचे प्रयोग पाहून आलेल्या तरुणांनी तीत नवा जीव ओतला. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनचे नाव आज महाराष्ट्रभर नाटकांसाठी घेतले जाते, हे पाहता ही देवाणघेवाण एकाच दिशेने चालत नव्हती हे दिसून येईल. याच सुट्टीत वादही होत. स्पृश्यास्पृश्य, विधवांचे केशवपन, मुलींचे शिक्षण यांवर ओसरीवर रात्रीपर्यंत तंटा चाले, आजोबा उठून जात, आणि सकाळी त्याच आजोबांनी नातवासाठी शहाळे उतरवून ठेवलेले असे. मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत तर हे वाद फळास आले. ज्या घरातून थोरला भाऊ बाहेर गेला होता, त्या घरातून पुढे धाकटी बहीणही कॉलेजात जाऊ शकली.

सालाझारची हुकूमशाही आल्यावर पेटीतील पुस्तके धोक्याची झाली. छापील मजकुरावर पूर्वतपासणी होती. लग्नपत्रिकाही तीतून सुटत नसे. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहिया यांनी नागरी स्वातंत्र्याचा लढा सुरू केल्यानंतर कुळें येथील झडती अधिकच कसून होऊ लागली. मुलाच्या येण्याची वाट पाहणाऱ्या आईच्या मनात आता एक नवी भीती शिरली. तो येतो आहे याचा आनंद, आणि त्याच्या बोलण्यामुळे पोलीस दारात येतील ही धास्ती.

त्यानंतर तो धागाच तुटला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी व अन्य ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. भारत सरकारने सरहद्द बंद केली, आगगाडीची ये-जा थांबली, १ सप्टेंबरपासून गोव्यातील भारतीय वकिलात बंद झाली. या उपायांचे राजकीय औचित्य वादातीत आहे. परंतु त्याची किंमत कोणी मोजली हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे. १९५५ ते १९६० असे सहा नाताळ आले आणि गेले. पुण्यातील मुलगा आणि फोंड्यातील आई यांच्यामध्ये काही तासांचा घाट होता. पण परवान्याशिवाय तो ओलांडता येत नव्हता. पैसे पाठविणे कठीण झाले. कित्येक विद्यार्थ्यांनी शिकवण्या करून, नातलगांच्या खोलीत दाटीवाटीने राहून वर्षे काढली.

ज्या कॅसलरॉकवरून पूर्वी सुट्टीला निघालेल्यांची गाडी उतरत असे, त्याच परिसरातील जंगलातून आता वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचे गुप्त नभोवाणी केंद्र कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून गोव्याशी बोलत होते. १९५५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला हा आवाज दारे लावून, हळू आवाजात ऐकला जाई. माणसे येऊ शकत नव्हती. आवाज येत होता.

१७-१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्य गोव्यात शिरले, आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज सत्ता संपली. त्यानंतर सहाच दिवसांनी नाताळ होता. इतिहासातील तारखांचा असा योग क्वचित येतो. पणजीहून फोंड्याच्या देवळांकडे जाणाऱ्या वाटेवरील बाणस्तरीचा पूल पोर्तुगीजांनी माघार घेताना उडविला होता. वाटा मोडलेल्या होत्या. पण त्या आता अडविणारे कोणी नव्हते. विद्यार्थी म्हणून गेलेली मुले या सहा वर्षांत नोकरीस लागली होती, काहींची लग्ने झाली होती; आणि ज्यांनी दारात उभे राहून वाट पाहिली त्या आजी-आजोबांपैकी काही उरले नव्हते. मुक्तीच्या वृत्तान्तांत सेनापतींची व शरणपत्राची हकीकत असते. घराघरांतील ही उशिरा झालेली भेट त्याच इतिहासाचा भाग आहे.

१९६२ साली पणजीस धेंपे कॉलेज आणि मडगावी चौगुले कॉलेज सुरू झाले. गोव्याचे विद्यापीठ १९८५ साली झाले. सीमेजवळ येऊन थांबलेले कॉलेज अखेर घराजवळ आले, आणि हजारो मुलामुलींना सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी परतता येऊ लागले. हा लाभ लहान नाही. कोंकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. विमाने आता दाबोळी व मोपा अशा दोन ठिकाणी उतरतात. पूर्वी ज्या प्रवासास दोन दिवस लागत तो काही तासांत होतो.

तरीही प्रश्न संपलेला नाही. त्याने केवळ ठिकाण बदलले आहे. आज आपली मुले बेंगळुरूस, पुण्यास, दिल्लीस आणि समुद्रापलीकडे शिकतात. दूरध्वनीवर त्यांचा चेहरा रोज दिसतो, म्हणून त्यांच्या येण्याची ओढ कमी झाली आहे असे काही आईबाप सांगतात. मला हे खरे वाटत नाही. जुन्या पिढीने मुलांना दिले ते केवळ दर्शन नव्हते. ठरलेले दिवस होते, ठरलेला क्रम होता, देवळात चार वडीलधाऱ्यांपुढे उभे राहणे होते, ओसरीवरचा वाद होता आणि वादानंतरचे शहाळे होते. मुलाला आपण अजून कोणाच्या तरी नोंदवहीत आहोत हे त्यातून कळे.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. या वर्षी मुले सुट्टीला येतील तेव्हा हिशेब व परीक्षा दुसऱ्या दिवसावर टाकाव्यात, पहिल्या दिवशी पेज वाढावी. सोमवारी त्यांना मंगेशीस किंवा आपापल्या कुलदेवतेस घेऊन जावे आणि तेथील वृद्धांशी त्यांची ओळख करून द्यावी. ती मतभेद बोलून दाखवतील तर ऐकून घ्यावे. परत जाताना बरणी मोठी भरावी.